खारे का अळणी

जयवंत नाखव्याचा हिशेब अगदी साधा होता. मे महिन्यात सरहद्दीवर लढाई पेटली, बोटींनी परत यावं असा सरकारचा सांगावा आला आणि पाचूबंदरची बोट न् बोट धक्क्याला लागली. म्हणजे बाजारात मासळी नाही. म्हणजे जो एकटा समुद्रात राहील त्याच्या सुरमईला तो म्हणेल तो भाव. पावसाळ्याची बंदी तोंडावर होती. ही एक फेरी साधली की नव्या इंजिनाची सोय झालीच. जुनं इंजिन खोकत होतं, पण खोकणारी माणसंसुद्धा चांगली चार वर्षं काढतात, असं नाखवा म्हणायचा.

त्याने वर कळवलं की आपली बोट खाडीत आत बांधली आहे. बोट तेव्हा भर समुद्रात, तेलविहिरींच्या बाजूला होती. विहिरींच्या पोलादी पायांशी मासळी जमते, ते नाखव्याला पक्कं ठाऊक. बोट चालवणाऱ्या आग्नेल तांडेलला त्याने वायरलेसवर बजावलं, "नाव घ्यायचं नाय, जागा सांगायची नाय. कोनी हाक मारली तर मुकाट रावाचं."

वायरलेसचा सेट नाखव्याच्या ओटीवर. आग्नेलची बायको रोझलीन रोज संध्याकाळी मासळीची टोपली ठेवून तिथे येऊन बसायची. त्या संध्याकाळी दिवे घालवायचा सराव होता. अख्खी आळी काळी झाली. कुत्रीही गप्प. सेट खरखरला आणि आग्नेलचा आवाज आला, खूप लांबून.

"घरी सांगा. दाने काढलेत."

एवढंच.

आता हे दोन शब्द बंदरावर दोन भावांत चालतात. लग्नाच्या मांडवामागे पोरं म्हणतात, "चला, दाने काढा," तेव्हा बाटली उघडायची असते. पण आग्नेलची आई फेलिशिया हेच म्हणाली तर घरातल्या सगळ्यांचे हात थांबतात. एकाहत्तरच्या लढाईत तिच्या सासऱ्याची बोट बाहेर अडकली होती. चूल पेटवली तर उजेड दिसेल, म्हणून चूल बंद. पाणी मोजून. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या एका डब्यावर माणसं जगली. तेव्हापासून त्या घरची बोट डब्याशिवाय निघत नाही, आणि पगार थकला, दुखणं आलं, माणूस परतलं नाही, की घरात म्हणतात: दाणे काढलेत.

आग्नेल मयताच्या घरीही हसवून येणारा माणूस. तो कुठल्या भावात बोलला?

नाखव्याला ठरवायला वेळ लागला नाही. ज्यात डिझेल जळत नाही तो अर्थ त्याने उचलला.

"ऐकलंस गो? मी हितं काळजीनं सुकतोय, आनि तुझा नवरा तिथं चकना घेऊन बसलाय!"

रोझलीन हसली नाही. "नाखवा, त्याला विचारा, खारे का अळनी?"

"आता चवपन विचारू? सेट काय तुझ्या बापानं दिलाय?"

"विचारा."

अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच त्याने विचारलं. "काय रे, बायको विचारते, खारे का अळनी?"

सेट पुन्हा खरखरला.

"अळनी," आग्नेल म्हणाला. "आनि मूठमूठच."

मग सेट मेला. नाखव्याने दोनदा, तीनदा बटण दाबलं. काही नाही.

चकन्याचे दाणे खारे. डब्यातले रोझलीन स्वतः भाजायची, मिठाविना, कारण मिठाने तहान लागते. म्हणजे इंजिन बंद, पाणी संपत आलेलं, आणि आता बॅटरीही गेली. वारा विहिरींकडे ढकलणारा. आणि लढाईच्या दिवसांत विहिरींवर पहारा. दिवा नसलेली, नाव न सांगणारी बोट अंधारातून सरकत जवळ आली, तर पहारेकरी तिला काय समजेल? हे नाखव्यालाही कळलं.

"उद्या सकाळी बघू," तो हळू बोलला. "बोट गेली असं कळलं तर जप्त होईल."

"मी पोलिसात चालले."

"जा. पयला धरतील तो तांडेलला. मी सांगेन, मला न विचारता गेला. मग या बंदरावर त्याला कोन बोटीवर घेतो ते बघ."

"जिता आला तर त्यालाच विचारीन."

दीर फ्रान्सिसने स्कूटर काढली. बत्ती लावली तशी गच्चीवरून लोक ओरडले, "दिवा बंद कर! मरायचंय काय?" मग बत्तीविना, पायांनी रस्ता चाचपत दोघं निघाले. आभाळात कसली तरी घरघर झाली. फ्रान्सिस म्हणाला, "विमान असेल." विमान कोणाचं, ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

चौकीतून फोन गेले. त्यातला एक विहिरींवर वेळेत पोचला. तिथे तेव्हा भोंग्यावरून हाका चालल्या होत्या, झोत बोटीवर होता, बंदुका बोटीकडे होत्या, आणि आग्नेल शर्ट काढून हलवत होता. पहाऱ्याच्या बोटीने आग्नेलसकट बोटीवरची पाचही माणसं आणली. आग्नेल ही गोष्ट आता हसत सांगायला घेतो, पण बंदुकांपाशी आला की पाणी मागतो आणि पुढचं राहून जातं.

मग या फेरीची किंमत म्हणून कोणी काय भरलं? नाखव्याने बर्फात कुजलेली मासळी भरली, आणि ठरल्याप्रमाणे जबाब दिला: तांडेल न विचारता गेला. बोट त्याला दंडावर सुटली. खलाशांनी फेरीची मजुरी भरली. आग्नेलने नाव भरलं. गुन्हा त्याच्यावर आहे आणि धक्क्यावर त्याला कोणी हाक मारत नाही. नाखव्याने मन मोठं करून आग्नेलच्या घरी दाण्यांचं एक पुडकं पाठवलं. फेलिशियाने उघडून एक दाणा जिभेवर ठेवला. खारा. पुडकं तिने तसंच परत केलं.

राहिला डबा. तो रिकामा आला, झाकणाला पोचा पडलेला. बोटीच्या रेशनात नाखव्याने दाणे कधी धरलेच नव्हते. ते रोझलीनने टोपलीतले बोंबील विकून घेतले होते.