चाकाचा नेम

भाद्रपदात मळवलीजवळ रुळांवर दरड कोसळली आणि ब्रह्मदेशाच्या लढाईतले जखमी घेऊन आलेली आगगाडी कामशेतलाच अडकली. तिथून लोणावळ्याच्या लष्करी दवाखान्यात त्यांना मोटारींतून न्यायचं ठरलं. लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या त्या गाड्या, अंगावर पांढऱ्या गोलात तांबडा क्रूस. आत दोन स्ट्रेचर खाली, दोन वर. सकाळपासून त्या कार्ल्याच्या अलीकडच्या भातखाचरांना लागून चिखल उडवत जात होत्या.

खाचरात इतर बायकांबरोबर बेणणीला, तण उपटायला वाकलेली अंबूबाई दर गाडीला हात जोडायची. तिचा हौशीराम पलटणीबरोबर इटलीत होता. तो गेला त्या दिवशी तिनं कार्ल्याच्या एकवीरेपुढं नेम धरला होता, पोर सुखरूप परत येईस्तोवर चाकावर पाय ठेवायचा न्हाई. बैलगाडीदेखील नाही. कामशेतच्या बाजाराला सगळ्या जणी गाडीतून गेल्या तरी ही मागून चालत यायची. ताप अंगात असतानाही तिनं नेम मोडला नव्हता.

शेवटची गाडी तिच्या बांधाशीच थांबली. ड्रायव्हर दस्तगीर खाली उतरला. कामशेतचाच तो, बापाच्या भाताच्या गाड्या हाकून मग मोटारीवर गेलेला. मागून दवाखान्याचा महिपती उतरला. त्याच्या हातांना रक्त लागलं होतं.

"मावशी, जरा माणसं पाहिजेत," दस्तगीर म्हणाला. "आत येकच गडी हाय. पोटाचे टाके उसवाय लागलेत."

"मग बिगी बिगी ने की लोणावळ्याला."

"तीच तर अडचण. जबर जखमी म्हणून त्याला येकट्याला ठेवलं, शांतपणी जावा म्हणून. पण गाडी धा माणसांच्या वजनाची. रिकामी असली की खालचे स्प्रिंगचे पाटे वाकतच न्हाईत, खड्ड्याखड्ड्याला उडती. भरली की बसती."

"रिकामी बैलगाडी कशी खडखडती, तशीच," महिपती म्हणाला. "माझ्याबी ध्यानात आलं न्हाई, मावशी. बरं व्हावं म्हणूनच केलं आमी."

"मग धोंडे भरा," रतनबाई खाचरातनंच म्हणाली.

"धोंडे घरंगळत जाऊन त्याच्याच अंगावर येतील. आन् त्याला धरायला हात नकोत का? तुमी बसा. समोरचं स्ट्रेचर मिटलं की बाकडं होतंय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पलटणीच्या गाडीत बायामाणसांनी चढायचं? धोंडाबाई म्हणाली, "अंबूबाई चढत आसंल तर आमी चढतो. तिच्याबिगर न्हाई." तिला नेम ठाऊक होता, सगळ्यांनाच होता. बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली.

अंबूबाईनं हातातलं तण बांधावर टाकलं. मागच्या दारातून आत बघितलं. गडी हौशीरामच्याच वयाचा. तोंडात शर्टाची बाही कोंबून तो छपराकडं बघत होता. कुठल्या मुलखाचा, कुठल्या जातीचा, कुणाला ठाऊक. त्याच्याही आईनं काही धरलं असेल.

नेम मोडला आणि तिकडं इटलीत काही झालं, तर? हा विचार तिनं झटकला नाही. झटकून तो गेलाच नसता. तो मनात तसाच ठेवून ती दस्तगीरला म्हणाली, "पायरी कुटंय?"

"मावशी, तुझा नेम..." रतनबाई म्हणाली.

"माझा हाय, मी बघीन. चल, चिखलाचे पाय पुसून चढ."

बायका चढल्या. बांधावरचा आंबाजी आणि त्याचे दोन भाऊही आले. गाडी जड झाली, मग रस्त्यानं डुलत, पण न उडता निघाली. अंबूबाईनं गड्याच्या कमरेला दोन्ही हातांनी आधार दिला होता. खड्डा आला की ती आधीच सांगायची, "आला बरं का." त्याला भाषा कळत नव्हती, तरी तो दात आवळून तयार व्हायचा. महिपतीनं एकदा पट्टी उचलून पाहिली आणि मान हलवली, ठीक आहे म्हणून.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर खाली उतरवलं. डॉक्टर आत घेऊन गेले. बऱ्याच वेळानं महिपती बाहेर आला. "टाके पुन्हा घातले. जगंल म्हणत्यात."

बायकांचे चेहरे सैल झाले. दस्तगीरनं मागचं दार उघडलं. "चला, समद्यांना वावरात सोडतो."

"यांना सोड," अंबूबाई म्हणाली. "मी चालत जाईन."

"मावशी, तीन कोस हाय. येकदा मोडलाच की आता."

"मोडला म्हनून तर." तिनं पदर खोचला. "दिवेलागणीच्या आत कार्ल्याला पोचते. देवीला सांगाया पायजे, मोडला कशापायी ते. आन् आजपासून पुन्हा पहिल्यापासनं धरते म्हनून."

"आन् देवी रागावली तर?" धोंडाबाईनं हळूच विचारलं.

"रागावली तर माझ्यावर रागवंल, पोरावर न्हाई. तेवढं मी तिच्याकडून मागून घेईन."

गाडी बायकांना घेऊन निघाली. अंबूबाई रस्त्याच्या कडेनं, चिखल टाळत, खाली मान घालून चालू लागली.