काशीरामदादाचं दाभण

माझ्या नवऱ्याला, चंदरला, एकच गोटी उरली होती. नाकं मुरडू नका. मी अंधेरीच्या बाजारात दिवसभर मासळी कापते, मला कसली लाज? दुसरी लहानपणी पिळवटली होती, ती डॉक्टरांनी काढली. आत नेताना ‘वाचवू’ म्हणाले होते. ते त्याच्या मनात रुतून बसलेलं.

आणि यंदा उरलेल्या गोटीतच गाठ निघाली. मी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ साधी दिसतेय. नुसती गाठ काढू, तिथल्या तिथे तपासू, साधी निघाली तर गोटी जागेवर राहील. पोर होईल ना, मी विचारलं. का नाही होणार, म्हणाल्या. मी तिथेच रडले. लग्नापासून त्याचीच तर वाट बघत होतो.

ऑपरेशनची तारीख नारळी पुनवेनंतरची मिळाली. मढच्या बोटी पाण्यात गेल्या, तसा हा आधी एक फेरी करून येतो म्हणून निघाला. आमच्या बाप्यांची रीतच आहे, असलं दुखणं घरात बोलायचं नाही, तांडेलाला सांगायचं. बोट चालवणारा तांडेल म्हणजे आमचा काशीरामदादा. पण हा मेला गाठीचं, ऑपरेशनचं काहीच बोलला नाही. नुसती सूज आहे म्हणाला. दादाला वाटलं, पाणी भरलंय. दादाच्या बापाचं असंच टोचून काढलेलं. त्याने शीड शिवायचं जाड दाभण स्टोव्हवर तापवलं आणि टोचलं. पाणी असेल तर येईल ना? रक्त आलं.

बोट किनाऱ्याला लागली तेव्हा चंदर तापाने फणफणला होता. आत सगळा पू झालेला. या वेळी डॉक्टरीणबाईंकडे दुसरा उपायच नव्हता. होती ती गोटीही काढली.

मग रिपोर्ट आला. गाठ साधीच होती. काशीरामदादा पापलेटं घेऊन दारात आला. आई एकवीरा पावली, कॅन्सर नाही, म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

“दादा, ते नुसती गाठ काढणार होते. आम्हाला पोर होणार होतं.”

त्याने पापलेटं उंबऱ्यावर ठेवली. मला कोणी बोललं नाही, असं पुटपुटत राहिला.

आतून चंदर म्हणाला, “मीच नाही बोललो. वाटलं, तू टोचलंस तर कापायला लागणार नाही.”