संजनाच्या फाइलची पोच

प्रल्हादराव आखातातल्या अल ऐन शहरात एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. काम नावाएवढं भारदस्त नव्हतं. नकाशे, पत्रं, अहवाल आले की त्यांवर ‘मिळाले’चा शिक्का मारायचा, पुढे पाठवले की ‘रवाना’चा. मंजुरीचा शिक्का इंजिनिअरांकडे असे. पण प्रल्हादरावांच्या टेबलावरून सदोष कागद पुढे सरकेल तर शपथ! समास अरुंद आहे, तारीख उलटी पडली आहे, सही निळ्याऐवजी काळ्या शाईत आहे, एवढ्यावरून त्यांनी भल्याभल्यांना माघारी धाडलं होतं. आणि पाठवलेल्या फाइलची पोच हातात पडेपर्यंत ती फाइल त्यांच्या लेखी उघडीच राहायची. एकदा एका लेबनीज मॅनेजरच्या मागे ते पोचेसाठी पार्किंगपर्यंत धावले होते, तेही भर ऑगस्टात. त्या मॅनेजरने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि बॉनेट तापलेलं असल्याने हातही भाजून घेतला.

अशा माणसाच्या जेवणाच्या टेबलावर सध्या त्यांच्या मुलीची, संजनाची, फाइल पसरली होती. संजना अल ऐनमध्येच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली आणि पुढे शिकायला पर्थला गेली ती तिकडेच रमली. आता ती ऑस्ट्रेलियाची पर्मनंट रेसिडेंट होती आणि नागरिकत्वासाठी अर्ज करणार होती. अर्ज ऑनलाइन भरायचा होता, पण प्रल्हादरावांनी सगळ्या कागदांची एक रीतसर फाइल करायला लावली. रजेवर घरी आलेली संजना त्यामुळे रोज सकाळी चहाबरोबर त्यांच्यासमोर कागद ठेवत होती आणि प्रल्हादराव रोज त्यात खुसपट काढत होते.

“फोटोत डावा कान दिसत नाहीये.”

“बाबा, दिसतोय. केसांच्या मागे आहे.”

“मागे आहे म्हणजे दिसत नाहीये. रिव्हिजन!”

दुसऱ्या दिवशी कान दिसला, तर पासपोर्टच्या प्रतीची कड कापली गेली होती. तिसऱ्या दिवशी कड आली, तर पर्थच्या पत्त्यात घर क्रमांकानंतर स्वल्पविराम नव्हता. संजनाच्या तोंडून एव्हाना “ओह माय गॉड” यापलीकडे शब्द फुटेनासे झाले होते.

ममताबाई ओट्यापाशी भाजी निवडत हे सगळं ऐकत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचं वागणं पाठ झालं होतं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “स्वल्पविरामावरून कुणाचं नागरिकत्व अडल्याचं ऐकलंय का तुम्ही?”

“नियम म्हणजे नियम.”

“नियम नाही. तुमच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे.”

प्रल्हादराव पेपरमागे दडले. पोटात होतं ते अगदी साधं होतं. या रजेत फाइल पूर्ण झाली नाही, तर उरलेले कागद न्यायला पोरगी दिवाळीत पुन्हा येणार होती, कारण टपालावर किंवा ईमेलवर सोपवायला ते तयारच नव्हते. झाली पूर्ण, तर ती तिकडची होणार, भारताचा पासपोर्ट जमा करणार, नोकरीत अडकणार आणि मग कुठली दिवाळी आणि कुठले बाबा! आत्ताच ती स्वतःच्या जन्मगावी टुरिस्ट व्हिसावर आली होती. विमानतळावर तो व्हिसा पाहताना त्यांना इतकं वाईट वाटलं होतं की सामानाची ट्रॉली भलत्याच गाडीपाशी नेली. पोरीला इथे ठेवून घेणं आपल्या हातात नाही, हे त्यांना कळत होतं. पण फाइल अडवणं हा तर त्यांच्या हातचा मळ होता.

संजनाचीही घाई उगाच नव्हती. पर्थच्या सरकारी पाणीपुरवठा खात्यात ती कंत्राटावर होती आणि तिच्या विभागातली कायमची जागा नागरिकांनाच मिळायची. अर्ज आत्ता गेला, तर ती जागा भरायच्या वेळेपर्यंत निकाल येईल असा तिचा हिशोब होता. दिवाळीपर्यंत थांबली, तर जागा दुसऱ्याची होणार होती. हे तिने बापाला सांगितलं होतं आणि बापाने ‘इन्शाल्ला’ म्हणून विषय बदलला होता.

अखेर खुसपटं संपली आणि एकच कागद उरला, जन्माचा दाखला. तो अरबीत होता, त्याचं इंग्रजी भाषांतर शिक्क्यासह करून घ्यायचं होतं. प्रल्हादरावांनी कपाटातून तो दाखला असा काढला, जणू घरातला दागिनाच.

“हा बघ. तुझ्या जन्मापासून सुरकुती पडू दिली नाही मी.”

सुरकुती पडणार कशी? दाखला लॅमिनेट केलेला होता. प्रल्हादरावांना लॅमिनेशनचं वेड होतं. घरात गणपतीच्या आरत्या लॅमिनेट केलेल्या, मिक्सरचं गॅरंटी कार्ड लॅमिनेट केलेलं, ममताबाईंच्या आईने लिहून दिलेली बेसनाच्या लाडवांची कृतीसुद्धा लॅमिनेट केलेली. कागदाला प्लास्टिक चढलं की तो अमर झाला, अशी त्यांची श्रद्धा होती.

भाषांतराचं ऑफिस नबिला नावाच्या बाईंचं होतं. त्यांचं बालपण अल ऐनमध्ये भारतीय शेजाऱ्यांत गेलं होतं, त्यामुळे हिंदी छान बोलायच्या. त्यांनी दाखला हातात घेतला, दिव्यासमोर धरला, तिरपा केला, चष्मा काढून पाहिला.

“अंकल, यहाँ माँ का नाम है, और यहाँ तारीख. दोनों पढ़े नहीं जाते. सब पीला हो गया है.”

“ओरिजिनल है, मॅडम!”

“ओरिजिनल है, लेकिन जला हुआ है. इसको दो बार लॅमिनेट किया क्या?”

प्रल्हादरावांच्या तोंडचं पाणी पळालं. केलं होतं. संजना पर्थला निघाली त्या आठवड्यात पहिल्या प्लास्टिकची कड सुटलेली दिसली, म्हणून त्यांनी त्यावर दुसरं चढवून आणलं होतं. पोरगी लांब चालली होती, तिचा कागद तरी घट्ट राहावा, असं तेव्हा वाटलं होतं. त्या दुसऱ्या तापात आतली शाई पसरली होती.

“सेफ्टी के लिए किया,” ते पुटपुटले.

“जो मैं पढ़ नहीं सकती, उस पर मुहर कैसे लगाऊँ?” नबिलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “हेल्थवालों से नई कॉपी लाओ. यल्ला, जल्दी लाओ, मैं उसी दिन कर दूँगी.”

दोघं गाडीत बसून घरी निघाले. खरं म्हणजे प्रल्हादरावांनी मनातल्या मनात पेढे वाटायला हवे होते. जे घडावं म्हणून कान आणि स्वल्पविराम शोधले, ते आपसूक घडलं होतं. नवी प्रत मिळायला वेळ लागणार होता, आणि संजनाची रजा संपत आली होती.

“इट्स ओके, बाबा,” संजना म्हणाली. “तू मुद्दाम नाही केलंस. दिवाळीत येऊन करू. कॉन्ट्रॅक्टवर काय वाईट आहे? दुसरी जागा निघेल कधीतरी.”

एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली. लहानपणी सहलीला जायचं रद्द झालं की ती अशीच बघायची, हट्ट न करता. प्रल्हादरावांना तो हट्ट न करणंच कायम जास्त लागायचं. वर तिचं ते ‘मुद्दाम नाही केलंस’! आठवडाभर आपण मुद्दाम केलं ते तिला कळलं नाही, आणि जीव लावून केलं त्यानेच तिचं नुकसान झालं. बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय आतला डॉक्युमेंट कंट्रोलर वेगळाच पेटला होता. प्रल्हादच्या हातून कागद खराब झाला आणि फाइल अडली? नाही, हे चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसला फोन करून रजा टाकली. मॅनेजरने आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, मग घरात कुणी गेलं का ते विचारलं. प्रल्हादराव एरवी रजा घेतच नसत.

आरोग्य खात्याच्या ऑफिसात, दाखल्यांच्या खिडकीवर, ते दार उघडण्याआधी हजर होते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना परत पाठवलं, तो आता टोकन मुठीत धरून बसला. फॉर्म भरताना त्यांनी दोनदा चूक केली आणि काउंटरवरच्या पांढराशुभ्र, पायघोळ कंदुरा घातलेल्या तरुणाने दोन्ही वेळा तो हसत परत केला. तिसऱ्यांदा घेतला.

“जुना दाखला खराब कसा झाला?” त्याने इंग्रजीत विचारलं. “पाणी? आग?”

“जास्त जपला,” प्रल्हादराव म्हणाले.

तरुणाने जाडजूड दाखला उलटसुलट करून पाहिला. “माझी आईही असंच करते,” तो म्हणाला. “खलास, हबीबी, काळजी सोडा. रेकॉर्ड शोधायला लावतो. पण वेळ लागेल.”

वेळ लागला. प्रल्हादराव सकाळ-संध्याकाळ फोन करू लागले, मधल्या वेळात स्वतः जाऊन बसू लागले. तो तरुण त्यांना लांबून पाहूनच मान हलवायचा, आणि मग एके दिवशी त्याने लांबूनच हात वर करून कागद दाखवला. प्रल्हादराव तो घेऊन तसेच नबिलाबाईंकडे गेले. वाटेत स्टेशनरीच्या दुकानाबाहेर लॅमिनेशनची पाटी दिसली, तेव्हा त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

संजनाच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी नवा दाखला आणि भाषांतर, दोन्ही टेबलावर होतं. संजनाने ते स्कॅन करून चढवलं, शेवटचं बटण दाबलं आणि धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली.

“बाबा, यू आर द बेस्ट!”

“तसं काही नाही,” प्रल्हादराव म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. “तो कान दिसत होता गं. पहिल्याच दिवशी.”

“आय नो.”

“आणि स्वल्पविराम...”

“तेही माहितीये. आईने सांगितलं.” संजना हसत होती, पण डोळे भरले होते. “मला पण थोडं बरं वाटत होतं, बाबा. रोज सकाळी तुझ्यासमोर बसायला.”

प्रल्हादरावांनी खिशातून रुमाल काढला. त्यांनी नाक शिंकरलं आणि ऑफिसची बॅग उघडली. आतून ‘रवाना’चा शिक्का काढला आणि कागदांच्या फाइलवर मधोमध मारला. सरळ बसला. मग त्यांनी एक छापील पावती काढली, निळ्या शाईने भरली आणि संजनापुढे सरकवली.

तिने वाचलं. विषय, संजनाची फाइल. पाठवणार, प्रल्हाद. पोच हवी का? या प्रश्नापुढच्या चौकटीत खूण होती. पोच कशी द्यावी, यापुढे लिहिलं होतं, ‘समक्ष, हस्ते.’

“व्हॉट इज धिस, बाबा? मी आत्ता सही करू?”

“आत्ता कशी करशील? माल पोचल्यावर पोच द्यायची असते. नागरिकत्व मिळालं की सही करायची आणि हा कागद स्वतः आणून द्यायचा. पोस्टाने नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नाही. तोपर्यंत माझी फाइल उघडी.”

“आणि वर्ष लागलं तर?”

“मग मध्येमध्ये येऊन प्रगती कळवावी लागते. तसा नियम आहे.”

“हा नियम कधी झाला?” ममताबाईंनी ओट्यावरून विचारलं.

“आत्ता,” प्रल्हादराव म्हणाले.

संजनाने पावतीची घडी घातली आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवली. “पहिली प्रगती दिवाळीत कळवते,” ती म्हणाली. “लाडू करून ठेवा. आणि बाबा, प्लीज, हा कागद लॅमिनेट करायला मागू नकोस.”