बॅटरीची खिडकी

व्हॅनचं इंजिन सुरू होऊन बराच वेळ झाला, तरी बॅटऱ्यांच्या मीटरवरचा आकडा चढायचं नाव घेत नव्हता. मघाशी चाळीस टक्के होता, आता एकोणचाळीस. बाबा रबरी हातमोजे घालून पलंगाखालच्या कप्प्यात डोकं खुपसून बसले होते. रात्री वाटेत थांबलो तेव्हा बाहेर राहिलेल्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. पलंगावर आई नाकाला नळी लावून विणत बसली होती आणि तिच्या पायाशी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. ते चालायचं याच बॅटऱ्यांवर.

आईला मावशीकडे जायचं होतं. घाटापलीकडे राहणारी तिची एकुलती एक बहीण. मशीन लागल्यापासून दोघी भेटल्या त्या फोनवरच. म्हणून तर निवृत्त झाल्यावर बाबांनी जुनी मालवाहू व्हॅन घेतली आणि तिचं घर केलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. लिथियमच्या चार बॅटऱ्या आणल्या, त्या बाहेरच्या खोलीत एकेक करून पूर्ण चार्ज केल्या आणि मगच एकमेकींना जोडल्या. भरलेली आणि रिकामी एकत्र जोडली, तर भरलेली रिकामीच्या अंगावर धावून जाते म्हणे.

"तुमच्या भावांनाही एका घरात आणायच्या आधी असंच चार्जिंगला लावायला हवं होतं," आई तेव्हा म्हणाली होती.

जोड आवळून झाला की बाबा ती वायर दोन बोटांनी हळूच ओढून बघायचे. एकदा आवळताना, एकदा निघताना. वर माणसं लटकलेली असतात, या भानातून लागलेली सवय. आत्ताही त्यांनी एकेक वायर ओढून पाहिली. एकही सैल नव्हती. तेच त्यांना जास्त लागलं असावं.

"परत फिरू या," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "उतरून घरी जाईपर्यंत ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर पुरेल. पुढे जायचा धोका नको."

आईने विणकाम आवरलं. मावशीच्या स्वेटरची एक बाही तेवढी राहिली होती. सुया लोकरीच्या गुंड्यात खोचून तिने सगळं पिशवीत ठेवलं. मी खांद्यावरच्या माझ्या बाळाला थोपटत खिडकीकडे तोंड केलं.

पाय आखडून घेत आई म्हणाली, "अहो, हे वारं कुठून येतंय? पायांना झोंबतंय."

"जाळीतून. बॅटऱ्यांच्या कप्प्याला बाहेरून जाळी केलीय मी."

"त्यांना कशाला?"

बाबांनी समजावलं, की लिफ्टच्या बॅटऱ्यांच्या खोलीला नेहमी खिडकी असायची. त्या चार्ज होताना वायू सोडतात, तो बाहेर जायला हवा.

"आणि या?" आई दम घेऊन म्हणाली. "या सोडतात का?"

"नाही, लिथियमच्या नाही सोडत," बाबा म्हणाले. मग त्यांनी हातमोजा काढून बॅटरीवर तळवा टेकवला आणि तसाच राहू दिला.

"गारठल्यात," ते सावकाश म्हणाले. "दुकानदार म्हणाला होता, पाणी गोठेल इतक्या थंडीत या चार्ज घेत नाहीत, स्वतःच दार लावून घेतात. मी म्हटलं, आपण कुठे बर्फात चाललोय."

मी बाळाचं दुपटं काढून दिलं. बाबांनी त्याची घडी करून जाळीत घट्ट बसवली, आतल्या बाजूची फळी उघडली आणि इंजिनाची गरम हवा तिकडे वळवली. बाळाला मी त्यांच्या मफलरमध्ये गुंडाळलं.

"मला नळी, बॅटरीला खिडकी," आई पुटपुटली. "सगळ्यांच्या हवेचं बघता हो तुम्ही."

बाबा हसले नाहीत. डोळे मीटरवर होते. आकडा आणखी दोनाने घसरला. ऊन हळूहळू पलंगावर आलं. बाळ दूध पिऊन झोपलं. मग केव्हातरी आकडा घसरायचा थांबला, आणि बऱ्याच वेळाने एकाने वाढला.

बाबा दारातल्या पायरीवर बसले, दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मागे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज झाला. आईने सुया बाहेर काढल्या होत्या.

मीटर पन्नाशीवर गेल्यावरच ते उठले. घाटाच्या बाजूला बघितलं, दार लावलं. गाडी चालवायला बसण्याआधी आईपाशी थांबले. तिची नळी मशीनला जिथे जोडली होती, तिथे वाकून त्यांनी ती दोन बोटांनी हळूच ओढून बघितली.

आईने बाही पुढे विणायला घेतली.