ढगपेटीतली रेघ

विज्ञान केंद्राच्या तळमजल्यावर ताईची ढगपेटी होती. काचेचा डबा, खाली कोरडा बर्फ, आत स्पिरिटची वाफ. दिवे मालवले की वाफेत बारीक पांढऱ्या रेघा उमटत आणि ताई म्हणे, "आकाशातून आलेला एक कण आत्ता इथून गेला." विश्वाच्या जन्माची गोष्ट ती इथूनच सुरू करी. लोक खूश असत, कारण बाई भौतिकशास्त्राची असूनही माणसासारखी बोलायची.

आज पहिल्या रांगेत तिची धाकटी बहीण होती. बाळ गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. जरा मन रमेल म्हणून ताईनेच तिला हाताला धरून आणलं होतं.

पण जिभेला एकदा वळण पडलं की पडलं. म्यूऑन नावाच्या कणापाशी आल्यावर ताईचा ठरलेला विनोद तोंडातून गेलाच. "बिचारा वर हवेत जन्मतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. आईबापांना नाव ठेवायलाही सवड नाही!"

सभागृह हसलं. ताईची नजर पहिल्या रांगेकडे गेली. धाकटीचं बाळ सकाळ उजाडेपर्यंतही राहिलं नव्हतं. नाव कशाला ठेवता, उगाच जीव अडकतो, असं सांगणाऱ्या शहाण्यांत ताईच सगळ्यांत पुढे होती. तिने तर त्याला धड पाहिलंही नव्हतं. पुढचं भाषण तिने कसंबसं रेटलं.

माणसं पांगली. धाकटी पेटीपाशी उभीच होती. ताई जवळ गेली.

"चुकलं गं माझं. सवयीने बोलून गेले."

"ती रेघ म्हणजे तो कण?" धाकटीने विचारलं.

"नाही. तो कधीच गेलेला असतो. तो जिथून गेला तिथे वाफेचे थेंब धरतात, तेवढेच आपल्याला दिसतात."

"म्हणजे तो होता, हे नक्की."

"नक्की."

"आणि नाव ठेवलंयत की त्याला. एवढंसं जगला तरी."

जगाला समजावून सांगण्यात इतकी वर्षं गेली आणि घरच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला, याची ताईला लाज वाटली.

"तू काय नाव ठेवणार होतीस?"

धाकटीची नजर काचेवरून हलली नाही. तिने ते सांगितलं, अगदी हळू.

ताईने ते नाव मोठ्याने घेतलं आणि विचारलं, "दिसायला कसा होता गं?"

"नाक तुझं होतं," धाकटी म्हणाली.