पुलाखालचा सैल धागा

तोरगुनने अख्खं आयुष्य केसाएवढ्या काचेच्या धाग्यावर घालवलं. धाग्यातून उजेड सोडायचा. धागा ताणला की उजेडाचा रंग किंचित सरकतो, त्यावरून लाकूड किती ताणलं ते सांगायचं. खोऱ्यातल्या लाकडी पुलाच्या तुळईला तिने असा धागा चिकटवला, त्याला सतरा वर्षं झाली. ऊन-गारव्यानेही रंग सरकतो, म्हणून शेजारी एका नळीत दुसरा धागा सैल सोडलेला. त्याने फक्त ऊन-गारवा सांगायचा, तेवढा वजा करायचा.

निवृत्तीला आठ दिवस उरले आणि आकडे बिघडले. रोज ऊन चढलं की तुळई ताणलेली दिसायची, सांजेला आवळलेली. रस्तेखात्याने कळवलं, शुक्रवारपर्यंत पूल धड असल्याची खात्री द्या, नाहीतर पूल बंद. पैलतीरावरच्या अकरा घरांना मग डोंगराचा वळसा. प्रयोगशाळेतली तरुण मंडळी हळूच म्हणाली, धागाच म्हातारा झाला असेल. तिला ते स्वतःबद्दल वाटलं.

ती स्वतःच गेली. पुलाची देखभाल करणाऱ्या आयलर्टने शिडी धरली. तुळईखाली पाहते तर सैल धाग्याच्या नळीवर राखाडी लोकरीचा मोजा चढवलेला, वर नीट गाठ मारलेली.

"आयलर्ट, हे कोणी केलं?"

"मीच. चिकटवलेल्याला लाकडाची ऊब तरी आहे. हा बापडा उघडा लोंबकळत होता. यंदाची थंडी बघतेयस ना?"

तोरगुन शिडीवरच हसत सुटली. चिकटवलेल्याला ऊन लगेच जाणवायचं, मोज्यातल्याला दुपारनंतर. मधला फरक ताण म्हणून दिसायचा. खाली उतरून तिने समजावलं, तसा तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "दर हिवाळ्यात माझ्याकडची कॉफी पितेस. आईचं दुखणं सांगितलंस, नावेचं सांगितलंस. एवढंच कसं गं राहिलं?"

ती पुन्हा शिडी चढली.

मोजा काढला. दुसऱ्या दिवशी दोघं यंत्रापाशी बसून राहिली. ऊन तुळईवर आलं, सरकलं, गेलं. पडद्यावरची रेघ शांत पाण्यासारखी सपाट.

तिने अहवाल लिहिला: पूल ठणठणीत आहे. सैल धागा उघडा का ठेवायचा, हे देखभाल करणाऱ्याला मी कधी सांगितलं नाही, चूक माझी.

आयलर्टने वाचलं. "माझं नाव घाल की. लोकर माझी होती."

तिने घातलं. अहवालाच्या शेवटी 'माझ्यानंतर धाग्यांवर लक्ष कोण ठेवेल?' असा रकाना होता, त्यापुढे.