चार घरांना एकच निरोप

सोळा जूनला दुपारी चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी नागपूर, कामठी आणि कन्हान इथल्या चार घरांना, चार वेगवेगळ्या फोनवर, एकाच अनोळखी क्रमांकावरून एकच निरोप आला : ‘पियुष बारसागडे ठीक है. स्कुमदो पहुँच गया.’ चारपैकी तीन घरांत पियुष नावाचे कोणीही नव्हते.

त्या तीनपैकी एक घर रुपराव गजभिये यांचे. रुपराव सदुसष्ट वर्षांचे, मधुमेही, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारे. लडाखच्या आतल्या दरीतले बौद्ध मठ एकदा डोळ्यांनी पाहायचे, ही त्यांची जुनी इच्छा. कन्हानचे महादेवराव आणि शेजारच्या गल्लीतले गोपाळराव हे त्यांचे दोन मित्र आणि सगळी व्यवस्था बघणारा कामठीचा तरुण पियुष, असे चौघे दहा तारखेला निघाले होते. बाहेरचे प्रीपेड सिम लडाखात चालत नाही. पोस्टपेड एकट्या पियुषचे होते आणि तेही लेहच्या पुढे मुके होणार होते. “स्कुमदोले, त्या दरीतल्या गावाले, पोचलो का निरोप येईल,” असे तो निघताना म्हणाला होता. कसा येईल आणि कोण पाठवील, हे त्याने सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

रुपरावांची मुलगी माया लकडगंजातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. निरोप वाचून तिने लगेच त्या क्रमांकावर फोन लावला. तो संपर्कक्षेत्राबाहेर होता. तिने हातातल्या नळ्यांवरची नावे नेहमीप्रमाणे दोनदा ताडून पाहिली, तिसऱ्यांदाही पाहिली, आणि तिसऱ्यांदा पाहत आहोत हे लक्षात आल्यावर उरलेले काम सहकाऱ्याकडे देऊन ती घरी निघाली.

मृग लागून आठवडा झाला होता, तरी घरात कूलर घरघरत होता. तिची आई पार्वतीबाई त्याच्यासमोर बसल्या होत्या. फोन मांडीवर उताणा, त्यात मायाने पुढे धाडलेला निरोप.

“काय लिहिलं हाय वं ह्यात?” त्यांनी विचारले. “मले वाचता येते, पण समजून नाही राहिलं.”

“पियुष पोचला म्हणते, आई.”

“ते मले दिसलं. तुह्या बाबाचं काय?”

नसलेले उत्तर देण्याची मायाला सवय नव्हती. “माहीत नाही,” ती म्हणाली.

“त्याईचं नाव काहून नाही मंग? तीन म्हाताऱ्याईले सोडून त्या पोराचंच नाव?”

हाच प्रश्न सहा वाजेपर्यंत कन्हानहून तीनदा आला. महादेवरावांच्या पत्नी मैनाबाई दर वेळी नव्या माहितीसह फोन करीत. तिसऱ्या वेळी त्यांच्याजवळ एक व्हिडिओ होता, जावयाने धाडलेला. डोंगरावरून दगड कोसळत होते, खाली एक जीप अर्धी दबली होती.

“माया, हे तिथलंच हाय म्हणते जावई. आजचंच. पोरगा जवान होता, उडी मारून निसटला असंन. बाकीचे...”

“काकू, थांबा जरा.” मायाने व्हिडिओ दोनदा पाहिला. “ह्याच्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्याईच्या तोंडाले मास्क हाय. हा कोरोनाच्या वेळचा हाय. आजचा नाही.”

“पक्कं?”

“व्हिडिओ आजचा नाही, हे पक्कं. बाकी मले काही माहीत नाही.”

मैनाबाईंना यातला पहिला भाग ऐकू आला. मायाच्या डोक्यात मात्र दुसराच भाग राहिला. अपघात झाल्याचा पुरावा खोटा ठरला, म्हणून अपघात झाला नाही असे सिद्ध होत नव्हते.

ती रात्रभर खोल्यांतून फिरत राहिली. दिल्लीमार्गे लेहला जाणारे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होते. बारापर्यंत काही कळले नाही तर निघायचे, असे ठरवून तिने बॅग भरली आणि वडिलांच्या औषधांची जादा पाकिटे वेगळ्या डब्यात ठेवली. इन्सुलिन गोठले की निकामी होते. हे तिने वडिलांना दहादा बजावले होते. त्यांनी प्रत्येक वेळी “होय वं डॉक्टर” म्हणून हसण्यावारी नेले होते.

सकाळी तिने पियुषची बहीण काजल हिला फोन लावला.

“काजल, तुह्या भावाजवळ माहा नंबर हाय का?”

“नाही ताई. त्याच्याजवळ तुमच्या बाबाचा हाय, मैनाकाकूचाबी नाही. त्याले घरातला टॉवेल सापडत नाही, तो नंबर कुठले जपते?”

“मंग मले निरोप कसा आला?”

माया बोलत राहिली, कारण बोलताना तिचा विचार सरळ चालत असे. फसवणूक असती तर काहीतरी मागितले असते. इथे कोणी काही मागितले नव्हते. पियुषने स्वतः लिहिले असते तर स्वतःविषयी ‘ठीक है’ असे लिहिले नसते. म्हणजे लिहिणारा तिसराच कोणी होता, आणि चार घरांचे चार क्रमांक त्याच्या हातात एकत्र होते.

“हे चार नंबर एका जागी कुठं लिहिले व्हते, तेवढं आठव.”

“लेहले,” काजल लगेच म्हणाली. “जीप ठरवली तवा. तिथल्या जीपवाल्याईची संघटना चिठ्ठी भरून घेते म्हणे. त्यानं फोटो टाकला होता ना मले, फुशारकी मारायले. नाव पाहा म्हणे, कसं मोठ्या अक्षरात आलं!”

फोटो आला. हिरवट कागदाची छापील चिठ्ठी. वर ठळक अक्षरांत ‘पियुष बारसागडे’. खाली ‘सवारी : ४’. त्याखाली घरचे चार क्रमांक, नावांशिवाय. रुपराव, महादेवराव, गोपाळराव ही नावे चिठ्ठीवर कुठेच नव्हती.

मायाने चिठ्ठी आईला दाखवली.

“म्हणजे बाबा ठीक हायेत?” पार्वतीबाईंनी विचारले.

“म्हणजे निरोप देणाऱ्याले बाबाचं नावच माहीत नाही. एवढंच.”

“तू कधी तरी हो म्हणशीन का वं, पोरी?”

“कळलं का म्हणीन.”

तिने दर दहा मिनिटांनी तो क्रमांक लावायला सुरुवात केली. नऊ, दहा, अकरा वाजले. बॅग दाराशी होती. पार्वतीबाई दोनदा तिला अडखळल्या. अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी पलीकडे घंटी वाजली.

“हाँ जी, स्टॅनझिन ड्राइवर. अभी लेह पहुँचा.”

मायाने नाव सांगितले, निरोप वाचून दाखवला आणि विचारले, बाकीचे तिघे कुठे आहेत.

“बाकी?” तो माणूस खरोखर गोंधळला. “बाकी तो उसी में हैं, मैडम. बारसागडे की गाड़ी. चार सवारी.”

“तीनों बुज़ुर्ग?”

“तीनों. स्कुमदो के पुल पर मैंने खुद गिना. उसके आगे पैदल है, इसलिए गिनते हैं. एक अंकल दवाई का डिब्बा स्वेटर के अंदर, पेट से लगाकर चल रहे थे. मैंने कहा थैले में रखो, तो बोले बेटी मारेगी.”

मायाने आईकडे पाहून होकारार्थी मान हलवली. पार्वतीबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि फोन तिच्या हातातून काढून घेतला.

“भैया, जेवले का ते?” त्यांनी विचारले. स्टॅनझिनला मराठी येत नव्हते, पण प्रश्न त्याला कळला. खाल्ले, तो म्हणाला. तिखट नाही म्हणून तिघांनीही तक्रार केली.

मग मायाने फोन परत घेऊन त्याला शेवटचे विचारले, की नाव एकाचेच का. उत्तर तिने तिथेच कागदावर लिहिले आणि कन्हानला, कामठीला आणि गोपाळरावांच्या घरी जसेच्या तसे धाडले :

‘चौघेही सुखरूप, कालच स्कुमदोला पोचले. त्या दरीत फोन लागत नाही. परत येणारा चालक आत गेलेल्या सगळ्या जीपच्या चिठ्ठ्या सोबत आणतो. वाटेत एका वळणावर थोडा वेळ नेटवर्क मिळते. तिथे गाडी उभी करून तो दर चिठ्ठीसाठी एकच ओळ लिहितो आणि चिठ्ठीवरच्या सगळ्या क्रमांकांना पाठवतो. तिथे जीप ज्याने ठरवली त्याच्याच नावाने ओळखतात. कोणी कमी असेल, तरच चालक तसे वेगळे कळवतो. त्याने गाडीचे नाव लिहिले होते. आपण ते माणसाचे समजलो.’